दिलेल्या रेषेला समांतर रेषेचं समीकरण कसं काढायचं

कंपासपेटीतला गुण्या आठवतो? समांतर रेषा काढायच्या म्हटलं की आपण तो पट्टीला टेकवायचो, त्याच्या कडेने एक रेघ ओढायचो, मग डाव्या हाताने पट्टी घट्ट दाबून धरायची आणि गुण्या पट्टीच्या कडेकडेने हळूच पुढे सरकवायचा. हव्या त्या बिंदूपाशी पोचलो की पुन्हा रेघ. झाल्या दोन समांतर रेषा. सगळं कसब एकाच गोष्टीत होतं: गुण्या सरकला पाहिजे, पण फिरता कामा नये. पट्टी केसभर हलली की दुसरी रेघ तिरकी जायची आणि बाई खोडायला लावायच्या.

समांतर रेषेचं समीकरण काढताना आपण नेमकं हेच करतो, फक्त गुण्याऐवजी अंकांनी. समीकरणात एक भाग रेषेचा तिरकेपणा सांगतो आणि एक भाग रेषा कुठे आहे ते सांगतो. तिरकेपणाच्या भागाला हात लावायचा नाही, जागेचा भाग बदलायचा. मी संध्याकाळी घरी मुलांची शिकवणी घेतो. ज्याला हा फरक एकदा दिसला, त्याला पुढे या प्रकारच्या गणितात सूत्र आठवत बसावं लागत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून सूत्राकडे घाईने न जाता आधी हा फरक नीट पाहू.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट. या लेखात मी चलांसाठी क्ष आणि य ही अक्षरं वापरतो आहे. तुमच्या वहीत एक्स आणि वाय असतील तर तसंच लिहा, गणित तेच राहतं. २क्ष म्हणजे २ गुणिले क्ष. बिंदू (४, −१) असा लिहिला की पहिला आकडा क्ष-निर्देशक आणि दुसरा य-निर्देशक.

आधी एक टेम्पो

समजा घरसामान हलवायचं आहे. एक टेम्पोवाला सांगतो, चढउताराचे ३०० रुपये आणि वर किलोमीटरला २० रुपये. अंतर क्ष किलोमीटर आणि एकूण भाडं य रुपये धरलं तर

य = २०क्ष + ३००

दुसरा टेम्पोवाला म्हणतो, किलोमीटरचा दर माझाही तोच, पण चढउताराचे पैसे वेगळे. किती वेगळे ते तो सांगत नाही. शेजाऱ्यांनी मात्र मागच्या महिन्यात त्याच्याकडून १० किलोमीटरवर सामान नेलं होतं आणि ७०० रुपये दिले होते. तर त्याचे चढउताराचे पैसे किती?

हे तोंडीच सुटतं. १० किलोमीटरचे २०० रुपये झाले, दिले ७००, म्हणजे ५०० रुपये चढउताराचे. त्याच्या भाड्याचं समीकरण

य = २०क्ष + ५००

तुम्ही आत्ता एका रेषेला समांतर आणि (१०, ७००) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढलंत. खरंच एवढंच आहे. दर तोच म्हणून २० तसाच ठेवला, माहीत असलेली एक फेरी समीकरणात घातली, उरलेला आकडा मिळाला. दोघांच्या भाड्यांचे आलेख काढले तर दोन समांतर रेषा येतील, कारण अंतर १ किलोमीटर असो की ५०, दुसऱ्याचं भाडं पहिल्यापेक्षा बरोबर २०० रुपयांनीच जास्त राहणार. फरक वाढतही नाही, घटतही नाही. समांतर असण्याचा अर्थ याहून सोपा मला तरी सांगता येत नाही.

चढ म्हणजे काय

वरच्या उदाहरणात दर जे काम करतो ते भूमितीत चढ करतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात निर्देशक भूमितीच्या प्रकरणात हा शब्द येतो. रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घ्या. एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाताना य-निर्देशक किती बदलला, त्याला क्ष-निर्देशक किती बदलला त्याने भागा. येतो तो चढ.

(१, १) आणि (७, ३) हे बिंदू घेतले तर य-निर्देशक २ ने वाढला, क्ष-निर्देशक ६ ने. चढ २/६, म्हणजे १/३. आलेख कागदावर याचा अर्थ असा: तीन घरं उजवीकडे गेलात की एक घर वर चढता. चढ ३ असेल तर एक घर उजवीकडे, तीन घरं वर. चढ −२/३ असेल तर तीन घरं उजवीकडे आणि दोन घरं खाली, कारण ऋण चढाची रेषा उजवीकडे जाताना उतरते. चढ ० म्हणजे रेषा आडवी.

बिंदू वजा करताना क्रम पाळायचा. वरती दुसऱ्यातून पहिला वजा केला असेल तर खालीही दुसऱ्यातूनच पहिला. वर एक क्रम आणि खाली उलटा झाला की चढाचं चिन्ह उलटतं, आणि पुढचं सगळं गणित चुकीच्या रेषेवर होतं. ही चूक मुलांना सापडत नाही, कारण पुढची प्रत्येक पायरी बरोबरच असते.

रेषेचं समीकरण

य = म·क्ष + क

या रूपात असेल तर म हा चढ असतो, आणि रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथला य-निर्देशक क असतो. म म्हणजे तिरकेपणा, क म्हणजे जागा. समांतर रेषांचा म सारखा, क वेगळा.

समान चढाच्या दोन वेगळ्या रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत, हे नुसतं मान्य करू नका, तपासून पाहा. य = २क्ष + ३ आणि य = २क्ष − ६ या रेषा कुठेतरी भेटल्या असं धरू. भेटीच्या बिंदूत दोन्हीकडचा य एकच असणार, म्हणजे २क्ष + ३ = २क्ष − ६. दोन्ही बाजूंचे २क्ष काढून टाकले की उरतं ३ = −६. हे शक्य नाही, म्हणून भेटही शक्य नाही.

पायरीपायरीने एक सोपं उदाहरण

प्रश्न असा आहे: य = २क्ष + ३ या रेषेला समांतर आणि (१, −४) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा.

पहिली पायरी, चढ वाचा. समीकरण य = म·क्ष + क या रूपातच आहे, म्हणून चढ २. इथला ३ आपल्या कामाचा नाही. तो जुन्या रेषेची जागा सांगतो आणि आपल्याला जागा बदलायची आहे.

दुसरी पायरी, नव्या रेषेचा सांगाडा लिहा. चढ तोच, जागा अजून अज्ञात:

य = २क्ष + क

तिसरी पायरी, दिलेला बिंदू घाला. बिंदू रेषेवर आहे याचा अर्थ त्याचे निर्देशक समीकरण खरं करतात. क्ष च्या जागी १, य च्या जागी −४:

−४ = २ × १ + क
−४ = २ + क
क = −६

चौथी पायरी, सांगाड्यात क भरा:

य = २क्ष − ६

पाचवी पायरी बहुतेक मुलं गाळतात आणि मी ती कधीच गाळू देत नाही: पडताळा. दोन गोष्टी पाहायच्या. चढ जुन्या रेषेइतकाच आहे का? हो, २. बिंदू बसतो का? क्ष = १ घातल्यावर २ − ६ = −४, बरोबर. या दोन्ही कसोट्यांवर उत्तर उतरलं की ते चुकीचं असूच शकत नाही.

असं ठामपणे म्हणता येतं, कारण दिलेल्या रेषेबाहेरच्या एका बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते. स्कॉटलंडचे गणिती जॉन प्लेफेअर यांनी १७९५ मध्ये आपल्या भूमितीच्या पुस्तकात हे विधान गृहीतक म्हणून मांडलं, म्हणून त्याला प्लेफेअरचं गृहीतक म्हणतात. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिड यांच्या पाचव्या गृहीतकाच्या जागी ते वापरता येतं आणि त्याच्यापेक्षा समजायला पुष्कळ सोपं आहे. आपल्या समीकरणातही तेच दिसतं बघा: चढ ठरला की एकच अज्ञात उरतो, क. एक बिंदू दिला की एक अट मिळते. एक अज्ञात, एक अट, एकच उत्तर.

समीकरण वेगळ्या रूपात असेल तर

परीक्षेत रेषा बहुधा २क्ष + ३य = १२ किंवा २क्ष + ३य − १२ = ० अशी देतात. या रूपातून चढ थेट दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "काका, क्षच्या मागे २ आहे ना, मग चढ २," असं मला दरवर्षी कोणीतरी सांगतं. क्षचा सहगुणक, म्हणजे क्षला गुणणारा आकडा, हा चढ असतो, पण कधी? य एकटा एका बाजूला असेल आणि त्याचा सहगुणक १ असेल तेव्हाच. म्हणून आधी य मोकळा करा.

२क्ष + ३य = १२
३य = −२क्ष + १२
य = −(२/३)क्ष + ४

चढ −२/३. दोन गोष्टी घडल्या: २क्ष बाजू बदलून गेला म्हणून त्याचं चिन्ह बदललं, आणि सगळ्याला ३ ने भागलं. या दोहोंपैकी एक जरी विसरली तरी चढ चुकतो.

आता प्रश्न पूर्ण करू. या रेषेला समांतर आणि (४, −१) मधून जाणारी रेषा हवी आहे. सांगाडा:

य = −(२/३)क्ष + क

बिंदू घातला:

−१ = −(२/३) × ४ + क
−१ = −८/३ + क
क = −१ + ८/३ = ५/३

म्हणून य = −(२/३)क्ष + ५/३. उत्तर बरोबर आहे, पण अपूर्णांकात ठेवायला कोणालाच आवडत नाही. दोन्ही बाजूंना ३ ने गुणून क्ष डावीकडे आणला की

२क्ष + ३य = ५

पडताळा: २ × ४ + ३ × (−१) = ८ − ३ = ५. बसलं.

आता मूळ रेषा आणि हे उत्तर एकाखाली एक लिहून जरा वेळ नुसतं पाहा.

२क्ष + ३य = १२
२क्ष + ३य = ५

डावी बाजू जशीच्या तशी आहे! बदलला तो फक्त उजवीकडचा आकडा. हा योगायोग नाही. डाव्या बाजूचे सहगुणक मिळून चढ ठरवतात, उजवीकडचा आकडा जागा ठरवतो. गुण्या सरकला, फिरला नाही.

म्हणजे जवळचा रस्ता असा

रेषा अशा रूपात असेल तर चढ काढायची गरजच नाही. डावी बाजू तशीच लिहायची, उजवीकडे अज्ञात ठेवायचा, बिंदू घालायचा.

उदाहरण: ५क्ष − २य = ९ ला समांतर, (−१, ४) मधून जाणारी रेषा. डाव्या बाजूत बिंदू घाला: ५ × (−१) − २ × ४ = −५ − ८ = −१३. उत्तर: ५क्ष − २य = −१३. दोन ओळींत काम झालं, अपूर्णांक एकही नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना मी हाच रस्ता सुचवतो. पण जो नव्याने शिकतो आहे त्याने पहिली आठ-दहा गणितं चढ काढूनच करावीत. जवळचा रस्ता लवकर पाठ होतो, आणि मग "या दोन रेषा समांतर आहेत का" असा उलटा प्रश्न आला की हात थबकतो. पर्यायांत उत्तर ४क्ष + ६य − १० = ० असं दिलं असेल तर ते आपल्या २क्ष + ३य = ५ चंच दुप्पट रूप आहे हेही मग ओळखू येत नाही. अशा वेळी सगळ्या समीकरणाला एकाच संख्येने भागून बघावं.

समीकरणाच्या उजवीकडे ० असेल, म्हणजे ५क्ष − २य − ९ = ० असं दिलं असेल, तर आधी ९ उजवीकडे न्या आणि मग सुरुवात करा. नाहीतर चिन्हाचा घोळ होतो: डावीकडे ठेवलेला आकडा आणि उजवीकडचा आकडा यांची चिन्हं विरुद्ध असतात, आणि घाईत नेमकं तेच विसरलं जातं.

चिन्हांवरून आठवलं. ऋण निर्देशक घालताना कंस घालायची सवय लावून घ्या. −२ × −३ असं लिहिण्यापेक्षा (−२) × (−३) असं लिहा. माझ्या शिकवणीत जी उत्तरं चुकतात त्यातली बहुतेक समांतर रेषा न समजल्यामुळे चुकत नाहीत, वजाबाकीत चुकतात. त्याखालोखाल क्ष च्या जागी य-निर्देशक घालणं. बिंदू लिहिल्या लिहिल्या त्याखाली "क्ष = ४, य = −१" अशी स्वतंत्र ओळ लिहिली तर ही चूक थांबते. एक ओळ वाढते, पण वाढू द्या.

रेषेचं समीकरण न देता दोन बिंदू दिले तर

घाबरायचं कारण नाही. दोन बिंदूंवरून चढ काढता येतो, आणि आपल्याला जुन्या रेषेकडून चढापलीकडे काहीच नको असतं.

त्रिकोण टठड घेऊ: ट(१, १), ठ(७, ३), ड(३, ७). शिरोबिंदू ड मधून बाजू टठ ला समांतर रेषा काढायची आहे. टठ चा चढ आपण वर काढलाच आहे, १/३. सांगाडा य = (१/३)क्ष + क. ड घातला: ७ = १ + क, क = ६. अपूर्णांक काढला की ३य = क्ष + १८, म्हणजेच

क्ष − ३य = −१८

पडताळा: ३ − २१ = −१८.

गणित इथे संपतं, पण हा त्रिकोण मी मुद्दाम निवडला आहे, म्हणून दोन मिनिटं आणखी द्या. बाजू टड चा मध्यबिंदू (२, ४) आणि बाजू ठड चा मध्यबिंदू (५, ५). दोन्ही क्ष − ३य मध्ये घालून पाहा. पहिल्याने २ − १२ = −१०, दुसऱ्याने ५ − १५ = −१०. म्हणजे दोन्ही मध्यबिंदू क्ष − ३य = −१० या रेषेवर आहेत आणि ही रेषा टठ ला समांतर आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर असतो, हे प्रमेय तुम्ही सिद्धतेसकट शिकला असाल. इथे ते नुसत्या आकड्यांतून समोर आलं. आणखी बघा: टठ या बाजूचं समीकरण क्ष − ३य = −२ आहे. तीन समांतर रेषांचे उजवीकडचे आकडे −२, −१०, −१८. मधली रेषा बरोबर मध्यावर! मुलांना हे फळ्यावर दाखवलं की वर्गात शांतता पसरते आणि मग कोणीतरी दुसरा त्रिकोण घेऊन तपासायला लागतं. तुम्हीही तपासा, कुठलेही तीन बिंदू घ्या.

उभी रेषा, आडवी रेषा, आणि एक अडचणीचा बिंदू

क्ष = ४ ही रेषा उभी आहे, तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूचा क्ष-निर्देशक ४. तिचा चढ काढायला गेलात तर शून्याने भागावं लागतं, म्हणून तिचा चढ ठरवता येत नाही. "ठरवता येत नाही" आणि "शून्य" या वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य चढ आडव्या रेषेचा. उभ्या रेषेला य = म·क्ष + क हे रूप लागू पडत नाही, पण गरजही पडत नाही. (−२, ५) मधून क्ष = ४ ला समांतर रेषा क्ष = −२. त्याच बिंदूतून य = ३ ला समांतर रेषा य = ५.

दुसरी अडचण क्वचित येते, पण आली की गोंधळवते. ३क्ष − य = ५ ला समांतर, (२, १) मधून जाणारी रेषा काढा. डाव्या बाजूत बिंदू घातला: ६ − १ = ५. उत्तर आलं ३क्ष − य = ५, म्हणजे दिलेलीच रेषा. तुमचं गणित चुकलेलं नाही. बिंदू मुळात त्या रेषेवरच आहे. शाळेच्या पुस्तकात समांतर रेषांना सामाईक बिंदू नसतो असं धरतात, त्यामुळे अशी वेगळी समांतर रेषा नाही, असं कारणासकट लिहावं.

दोन समांतर रेषांमधलं अंतर

समांतर रेषेचा खरा उपयोग बहुतेकदा अंतराशी बांधलेला असतो. रस्त्याच्या कडेपासून ठराविक मोकळी जागा सोडून भिंत घ्यायची असते. गवंडी तिथे दोन टोकांना मापं घेऊन दोरी बांधतो, आणि आराखडा संगणकावर काढणाऱ्याला त्याच दोरीचं समीकरण लागतं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करू. य = २क्ष + ३ आणि य = २क्ष − ६ यांच्यात ९ चा फरक आहे, म्हणून अंतर ९ असं वाटतं. पण ९ हा उभा फरक आहे, य-अक्षाच्या दिशेने मोजलेला. रेषा तिरक्या असताना त्यांच्यातलं अंतर लंब दिशेने मोजतात, आणि ते कमी भरतं. त्याचं सूत्र असं: दोन्ही रेषांच्या डाव्या बाजू सारख्या करून घ्या, उजवीकडच्या आकड्यांतला फरक घ्या (चिन्ह सोडून), आणि त्याला क्ष आणि य यांच्या सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागा.

३क्ष + ४य = १० आणि ३क्ष + ४य = ३५ या रेषा घ्या. फरक २५. सहगुणकांचे वर्ग ९ आणि १६, बेरीज २५, वर्गमूळ ५. अंतर २५ ÷ ५ = ५.

आता उलट प्रश्न. रस्त्याची कड ३क्ष + ४य = १० आहे आणि एकक मीटर आहे. कडेपासून ५ मीटरवर समांतर भिंत हवी. अंतर ५ हवं म्हणजे आकड्यांतला फरक ५ × ५ = २५ हवा. १० मध्ये २५ मिळवले तर ३५, वजा केले तर −१५. दोन उत्तरं आली:

३क्ष + ४य = ३५
३क्ष + ४य = −१५

एक रेषा रस्त्याच्या एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. तुमचा प्लॉट कोणत्या बाजूला आहे ते समीकरण सांगणार नाही. प्लॉटमधला एखादा बिंदू घ्या आणि डाव्या बाजूत घाला. उत्तर १० पेक्षा मोठं आलं तर ३५ ची रेषा तुमची, लहान आलं तर −१५ ची.

तापमानातली समांतर रेषा

शेवटचं उदाहरण भौतिकशास्त्रातलं, माझं आवडतं. सेल्सिअसमधलं तापमान क्ष आणि फॅरनहाइटमधलं य धरलं तर

य = १.८क्ष + ३२

स्कॉटिश अभियंते विल्यम रँकिन यांनी १८५९ मध्ये एक मापनश्रेणी सुचवली. तिच्यातला एक अंश फॅरनहाइटच्या अंशाएवढाच, पण शून्य मात्र निरपेक्ष शून्यावर, म्हणजे ज्याहून कमी तापमान असूच शकत नाही त्या −२७३.१५ सेल्सिअसवर. रँकिन श्रेणीचं समीकरण काय?

अंश तेवढाच म्हणजे चढ तोच, १.८. निरपेक्ष शून्यावर वाचन ० म्हणजे रेषा (−२७३.१५, ०) मधून जाते. हा आपलाच प्रश्न आहे, शब्द तेवढे वेगळे.

० = १.८ × (−२७३.१५) + क
क = ४९१.६७

य = १.८क्ष + ४९१.६७

पाणी ० सेल्सिअसला गोठतं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ३२ ला आणि रँकिनमध्ये ४९१.६७ ला. दोन्ही वाचनांतला फरक ४५९.६७, आणि तो कोणत्याही तापमानाला एवढाच राहतो.

आता हातात पेन घ्या

वाचून समजलं असं वाटतं, पण सोडवल्याशिवाय ते खरं नसतं. ही चार गणितं वहीत करा आणि प्रत्येकाचा पडताळा लिहा.

१. य = −३क्ष + ५ ला समांतर, (२, १) मधून जाणारी रेषा.
२. ४क्ष + य − ७ = ० ला समांतर, (−३, २) मधून जाणारी रेषा.
३. (−२, ३) आणि (४, −१) यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर, आरंभबिंदूतून, म्हणजे (०, ०) मधून, जाणारी रेषा.
४. प·क्ष + ६य = ७ ही रेषा २क्ष − ३य = ४ ला समांतर आहे, तर प किती?

उत्तरं: पहिल्याचं य = −३क्ष + ७. दुसऱ्याचं ४क्ष + य = −१०. तिसऱ्याचं २क्ष + ३य = ०. चौथ्यात कित्येकजण ४ लिहितात. य चा सहगुणक −३ वरून ६ झाला आहे, म्हणजे −२ ने गुणला गेला. रेषा फिरू द्यायची नसेल तर क्षचा सहगुणकही −२ नेच गुणला पाहिजे, म्हणून प = −४.